रिकाम्या खळग्याची साक्ष

एलायझा या चाचणीच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, आठ आडव्या ओळी आणि बारा उभ्या. शेवटचे द्रावण टाकून दहा-पंधरा मिनिटे झाली की जिथे प्रतिपिंड चिकटून राहिले असेल तिथे निळा रंग चढू लागतो. आम्ल टाकले की निळ्याचा पिवळा होतो आणि यंत्र ४५० नॅनोमीटरवर त्याची गडदता मोजून आकडा देते. पहिल्यांदाच हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याची नजर सर्वांत गडद खळग्यावर खिळते. मुरलेला माणूस मात्र आधी कोपऱ्यातले चार-सहा खळगे पाहतो, ज्यांत सीरम टाकलेलेच नसते. तिथे जरा जरी निळी झाक असेल, तर उरलेल्या नव्वद खळग्यांचे आकडे वहीत उतरवण्यात काही अर्थ नाही.

क्षयाच्या जंतूंच्या प्रथिनांवर काम करताना ही सवय फार लवकर लावून घ्यावी लागते. या क्षेत्रात फसवा रंग जितका पाहायला मिळतो तितका क्वचितच दुसरीकडे मिळत असेल, आणि त्या फसव्या रंगाची किंमत अनेकदा रुग्णाने मोजली आहे.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवायला हवा. ‘प्रतिपिंडांची चाचणी’ या दोन शब्दांत दोन निरनिराळी कामे दडलेली आहेत. पहिल्यात प्रतिपिंड हे हत्यार असते. उंदराच्या किंवा सशाच्या शरीरात तयार झालेले, कुपीत विकत आलेले हे प्रतिपिंड खरोखर क्षयजंतूचे ठरावीक प्रथिनच ओळखते का, हे तपासायचे असते. दुसऱ्यात प्रतिपिंड हा पुरावा असतो. माणसाच्या सीरममध्ये त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, आणि असतील तर त्यावरून काय म्हणता येईल, हे पाहायचे असते. प्लेट तीच, पिपेट तेच, पण दोन्ही कामांचे कंट्रोल वेगळे. प्रबंधातल्या निष्कर्षांचा गोंधळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

पहिल्या कामापासून सुरुवात करू.

क्षयजंतूच्या एच३७आरव्ही या वाणाचा संपूर्ण जनुकीय नकाशा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरांच्या त्या साखळीत चार हजारांच्या आसपास जनुके आहेत. त्यांतली प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा भेटणारी प्रथिने मात्र बोटांवर मोजण्याइतकी: इसॅट-६, सीएफपी-१०, ८५ गटातील ए, बी आणि सी ही तीन भावंडे, ३८ किलोडाल्टनचे फॉस्फेट वाहून नेणारे प्रथिन, १६ किलोडाल्टनचे ताण-प्रथिन आणि एमपीटी-६४. कुपी मागवण्याआधी प्रत्येकाचे गोत्र माहीत करून घ्यावे. ८५ गटातील तिन्ही भावंडे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की ८५-बी साठी बनवलेले प्रतिपिंड ८५-ए वरही सहज बसू शकते. शिवाय हा गट बीसीजी लशीच्या जंतूतही आहे आणि निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जातीतही. त्यामुळे ‘८५-बी’ असे लेबल असलेल्या कुपीची परीक्षा ८५-ए, ८५-बी आणि ८५-सी ही तिन्ही शुद्ध प्रथिने शेजारशेजारच्या खळग्यांत ठेवूनच घ्यावी. एकट्या ८५-बी वर चांगला रंग आला, एवढ्यावर त्या कुपीला प्रमाणपत्र देऊ नये.

प्रतिपिंड पारखण्याचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे ते प्रथिन ज्यात मुळीच नाही असा, बाकी सगळ्या बाबतीत तसाच नमुना. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ‘नेचर मेथड्स’मध्ये प्रतिपिंडांच्या पारखीचे पाच मार्ग मांडले, त्यांत जनुक काढून टाकलेल्या नमुन्याचा मार्ग आहे. इतर विषयांत असा नमुना तयार करायला महिने खर्च होतात. क्षयाच्या बाबतीत तो आयता आहे, आणि तोही शंभर वर्षांपासून. फ्रान्समधील लील येथे काल्मेत आणि गेरँ या दोघांनी १९०८ पासून १९२१ पर्यंत गाईच्या क्षयाचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला आणि त्यातून बीसीजी लस आली. या तेरा वर्षांत जंतूच्या जनुकसंचाचा एक तुकडा गळून पडला. त्याला आज आरडी-१ म्हणतात. इसॅट-६ आणि सीएफपी-१० या दोन्हींची जनुके त्याच तुकड्यात होती. म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवतात तिथे) इसॅट-६ च्या प्रतिपिंडाने एच३७आरव्हीच्या संवर्धन द्रवात पट्टा दाखवला आणि बीसीजीच्या द्रवात तीच जागा कोरी राहिली, तर निम्मी लढाई जिंकली. बीसीजीच्या लेनमध्येही पट्टा दिसला, तर प्रतिपिंड दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे. इसॅट-६ च्या कुळात एकूण २३ प्रथिने आहेत, त्यामुळे ही शंका वरवरची नाही.

हीच युक्ती एमपीटी-६४ साठी वापरायला गेले की पाय घसरतो. बीसीजी म्हणजे एकच एक जंतू नव्हे. पॅरिसहून निरनिराळ्या देशांत गेलेली वाणे आपापल्या वाटेने बदलत गेली. सुरुवातीच्या वर्षांत बाहेर पडलेल्या रशियन, टोकियो आणि मोरो या वाणांत एमपीटी-६४ शाबूत आहे. नंतरच्या पाश्चर आणि डॅनिश वाणांत त्याचे जनुक नाही. चेन्नईच्या गिंडी येथील बीसीजी लस प्रयोगशाळेची लस डॅनिश १३३१ वाणाची, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस मॉस्को वाणाची. म्हणजे एका बीसीजीवर एमपीटी-६४ चा पट्टा येणार आणि दुसऱ्यावर येणार नाही, आणि दोन्ही निकाल बरोबर असणार. वहीत नुसते ‘बीसीजी’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला या फरकाचा उलगडा पुढे कधीच होत नाही. वाणाचे पूर्ण नाव लिहावे आणि पारखीसाठी मान्यताप्राप्त संग्रहातून आणलेले, नोंद असलेले वाणच वापरावे.

मग एच३७आरव्हीचा नमुना मिळवायचा कुठून? जिवंत एच३७आरव्ही वाढवायला जैवसुरक्षा पातळी ३ ची प्रयोगशाळा लागते, आणि ती आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत नसते. पण तिच्यावाचून अडतही नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात तयार झालेले संवर्धन द्रव, पेशींचा अर्क आणि गॅमा किरणांनी मारलेले जंतू बीईआय रिसोर्सेस या संस्थेकडून नोंदणीकृत संशोधकांना मिळतात. मेलेल्या जंतूंच्या या सामग्रीवर साध्या प्रयोगशाळेतही पक्के काम होते. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात करावा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये इसॅट-६ खूप जणांना रडवते. नावात सहा असले तरी ९५ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे हिशेबाने येणारे वजन १० किलोडाल्टनच्या जवळ आहे. सीएफपी-१० शंभर अमिनो आम्लांचे, म्हणजे जवळपास तेवढेच. इतकी लहान प्रथिने नेहमीच्या १० टक्के जेलमधून रंगाच्या रेषेसोबत खाली निघून जातात. ट्रायसिन जेल वापरावे, निदान १५ टक्क्यांच्या पुढचे. पडदा ०.२ मायक्रॉन छिद्रांचा घ्यावा. ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून लहान प्रथिन आरपार जाते आणि मागच्या कागदात जिरते. मग कुपी नासकी निघाली असा समज होऊन दुसरी मागवली जाते, आणि दोष असतो तो पडद्याचा. पडद्यामागे दुसरा पडदा लावून पाहावा. प्रथिन आरपार गेले असेल तर ते तिथे सापडते.

ब्लॉटवर निदान चार लेन हव्यात: शुद्ध प्रथिन, एच३७आरव्हीचे द्रव, बीसीजीचे द्रव आणि वजन दाखवणारा मार्कर. तशाच नमुन्यांचा दुसरा पडदा फक्त दुय्यम प्रतिपिंडात, म्हणजे पहिल्या प्रतिपिंडाला धरून रंग देणाऱ्या प्रतिपिंडात, बुडवावा. तो पूर्ण कोरा राहायला हवा.

आता शुद्ध प्रथिनाबद्दल. बाजारात मिळणारे किंवा विभागात बनवलेले क्षयजंतूचे प्रथिन बहुधा ई. कोलाय या जिवाणूत तयार केलेले असते आणि त्याच्या टोकाला सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडलेली असते. कितीही गाळले तरी यजमान जिवाणूची थोडीफार प्रथिने सोबत येतातच. आणि प्रत्येक माणसाच्या आतड्यात ई. कोलाय नांदत असल्याने जवळजवळ प्रत्येकाच्या सीरममध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे निरोगी माणसाचे सीरमही ‘इसॅट-६’च्या खळग्यात निळे होऊ शकते, आणि तो निळेपणा क्षयाचा नसतो. उपाय दोन. सीरम आधी ई. कोलायच्या अर्कासोबत मुरवावे, म्हणजे ती प्रतिपिंडे आधीच तिकडे अडकतात. आणि तशीच शेपटी असलेले, पण क्षयजंतूशी संबंध नसलेले दुसरे प्रथिन शेजारच्या खळग्यात लावावे. दोन्ही खळगे सारखेच निळे झाले, तर प्रतिपिंडाने इसॅट-६ ओळखलेले नाही, त्याची शेपटी किंवा सोबत आलेली ई. कोलायची प्रथिने ओळखली आहेत. विकतची प्रतिपिंडेही शेपटीसकट प्रथिन टोचूनच बनवलेली असू शकतात, म्हणून ही परीक्षा त्यांनाही लागू आहे.

आणखी एक परीक्षा स्वस्त आणि बोलकी आहे. प्रतिपिंड प्लेटमध्ये टाकण्याआधी अर्धा-एक तास शुद्ध प्रथिनासोबत ठेवावे, प्रथिनाची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावी. प्रतिपिंड खरे असेल तर रंग पायरीपायरीने मावळत जातो. मात्र एकट्या या परीक्षेवर विसंबू नये. प्रतिपिंडाची पकडीची जागा शुद्ध प्रथिनाने भरली, एवढेच त्यातून कळते. अर्कात ते नेमके कशाला धरत होते, हे कळत नाही. त्यासाठी बीसीजीची लेनच हवी.

प्रत्यक्ष एलायझाची कृती किटच्या पत्रकात असते, ती इथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. पत्रकात नसणाऱ्या चार गोष्टी मात्र सांगायला हव्यात. प्रथिनाचा थर बहुधा मिलिलिटरमागे १ ते १० मायक्रोग्रॅम या दरम्यान, ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये, रात्रभर ४ अंशांवर बसवतात. पण नेमकी मात्रा दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलू नये. एका दिशेने प्रथिन पातळ करत जावे, दुसऱ्या दिशेने प्रतिपिंड, आणि बुद्धिबळाच्या पटासारख्या त्या प्लेटवरून आपली जोडी निवडावी. एक प्लेट खर्च होते, पण पुढच्या वीस वाचतात. दुसरी गोष्ट, जंतू वाढू नयेत म्हणून बफरमध्ये घातलेले सोडियम अझाइड रंग चढवणाऱ्या एचआरपी या विकराला निकामी करते. सगळी प्लेट अचानक रंगहीन झाली तर आधी बफरची बाटली तपासावी. तिसरी, बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरत असल्यास खळगे झाकायला दूध पावडर घेऊ नये, दुधात स्वतःचे बायोटिन असते. आणि चौथी, कडेच्या खळग्यांतले पाणी आधी उडते. सगळे रुग्ण कडेला आणि सगळे निरोगी मध्यभागी लावले, तर प्लेटची कडच रोग म्हणून नोंदली जाते. नमुने मिसळून लावावेत, प्रत्येक दोनदा, आणि लावणाऱ्याला कोणता नमुना कुणाचा हे ठाऊक नसावे.

दुसऱ्या कामाची, म्हणजे माणसाच्या सीरममधल्या प्रतिपिंडांची गोष्ट जुनी आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. १८९८ मध्येच फ्रान्समध्ये आर्लुआँ यांनी रुग्णाच्या सीरममुळे जंतूंच्या गुठळ्या होतात का, हे पाहणारी चाचणी मांडली. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगव्हाल आणि पर्लमन यांनी एलायझा दिली आणि रक्ताच्या थेंबावरून क्षय ओळखण्याच्या आशेला नवी उभारी आली. खोकल्याचा बेडका तपासण्यापेक्षा हे किती सोपे!

महाराष्ट्रात त्या आशेचा एक चिवट पाठपुरावा वर्ध्याजवळ सेवाग्रामला झाला. महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी एच३७आरए या सौम्य वाणाच्या संवर्धन द्रवातून, जंतूने बाहेर सोडलेली प्रथिने वेगळी केली. ३१ किलोडाल्टनचे ईएस-३१ हे त्यांतले सर्वांत परिचित. त्यांच्या एलायझात पेनिसिलिनेज हे विकर वापरले गेले. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग आधीच तयार असायचा आणि प्रतिपिंड असेल तिथे तो नाहीसा व्हायचा. धोकादायक वाण टाळून, परवडणाऱ्या साहित्यात काम उभे करण्याचा हा प्रयत्न आजच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे.

बाजारातल्या किटांचा अनुभव मात्र वाईट निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यास तपासून २० जुलै २०११ रोजी स्पष्ट सांगितले, की सक्रिय क्षयाच्या निदानासाठी अशा रक्तचाचण्या वापरू नयेत. फुप्फुसाच्या क्षयात या व्यापारी चाचण्यांची रुग्ण पकडण्याची क्षमता निरनिराळ्या अभ्यासांत शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत हेलकावे खात होती आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता ३१ ते १०० टक्के. जगभर वर्षाला दहा लाखांहून अधिक अशा चाचण्या होत होत्या आणि एकेका चाचणीसाठी रुग्ण ३० डॉलरपर्यंत मोजत होते. जून २०१२ मध्ये भारत सरकारने क्षयाच्या अशा किटांची आयात, उत्पादन आणि विक्री बंद केली.

ही बंदी का आली, ते साध्या हिशेबातून दिसते. समजा, दीर्घ खोकल्याचे हजार रुग्ण आले आणि त्यांतल्या शंभरांना खरा क्षय आहे. चाचणी शंभरांतले साठ पकडते आणि क्षय नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर वगळते. मग साठ खरे रुग्ण सापडतात, चाळीस औषधाविना घरी जातात, आणि क्षय नसलेल्या नव्वद जणांच्या हातात ‘पॉझिटिव्ह’चा कागद पडतो. म्हणजे दीडशे पॉझिटिव्ह कागदांतले फक्त साठ खरे. त्या नव्वदांत एखादी नवविवाहिता असेल, तर त्या कागदाने घरात काय होते हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सीरमवर काम करणाऱ्याने ‘निरोगी’ कंट्रोल निवडताना फार काळजी घ्यावी. विभागातल्या दहा तंदुरुस्त मित्रांचे रक्त घेणे सोपे असते, आणि तेच घातक ठरते. त्यांच्या आकड्यांची सरासरी काढायची, तिच्यात दोन-तीन प्रमाण विचलने मिळवायची आणि ती सीमारेषा म्हणायची, हा प्रघात आहे. पण चाचणीला प्रत्यक्षात निवड करायची असते ती क्षयाचा रुग्ण आणि न्यूमोनिया, दमा किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण यांच्यात. म्हणून कंट्रोल त्या रांगेतूनच हवेत. आपल्याकडे बहुतेकांना बीसीजी टोचलेली असते आणि पुष्कळांच्या शरीरात क्षयजंतू सुप्त अवस्थेत असतो, हेही धरून चालावे. रुग्ण कुणाला म्हणायचे, हे कल्चर किंवा जनुकीय चाचणीवरून ठरवावे. रक्त घेण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि रुग्णाला कळेल अशा मराठीतले संमतीपत्र हवे. आणि संशोधनातल्या एलायझाचा आकडा निदान म्हणून रुग्णाच्या हाती कधीही देऊ नये.

घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल आणि कुणी ‘टीबीचे आयजीजी-आयजीएम’ ही प्रतिपिंडांची रक्तचाचणी करायला सांगितले, तर त्याऐवजी बेडक्याची जनुकीय चाचणी मागावी. सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट ही यंत्रे सरकारी केंद्रांवर आहेत आणि तिथे तपासणी मोफत होते.

क्षयाच्या निदानात प्रतिपिंडे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ घेऊ नये. त्यांना योग्य जागी बसवले की ती चोख काम करतात. कल्चरच्या ट्यूबमध्ये वाढ दिसली की ती क्षयजंतूची की दुसऱ्या एखाद्या मायकोबॅक्टेरियमची, हे ठरवायला एमपीटी-६४ ची पट्टी वापरतात. ट्यूबमधले काही थेंब टाकले की पंधरा मिनिटांत रेघ उमटते. इथे शोध जंतूच्या प्रथिनाचा आहे आणि प्रतिपिंड, आधी म्हटल्याप्रमाणे, हत्याराच्या भूमिकेत आहे. तरी तिलाही मर्यादा आहे. काही क्षयजंतूंच्या एमपीटी-६४ जनुकातली ६३ अक्षरे गळालेली आढळली आहेत. असा जंतू ट्यूबमध्ये जोमाने वाढत असतो आणि पट्टी कोरीच राहते. म्हणून कोरी पट्टी आणि क्षयासारखी दोरखंडी वाढ एकत्र दिसली, तर जनुकीय चाचणी करून घ्यावी.

सुरक्षेबाबत एक गैरसमज रूढ आहे. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवले की ते निर्धोक झाले, असे मानले जाते. त्या तापमानाला कॉम्प्लिमेंट प्रथिने निष्क्रिय होतात, पण सीरम निर्जंतुक होत नाही. कावीळ-बी आणि एचआयव्हीचा धोका गृहीत धरूनच हातमोजे, झाकण असलेली ट्यूब आणि जैवकचऱ्याची पिशवी वापरावी.

राहता राहिली वही. तीत प्रतिपिंडाच्या क्लोनचे नाव, कंपनीचा क्रमांक आणि मुख्य म्हणजे लॉट नंबर लिहावा. सशापासून मिळवलेल्या प्रतिपिंडांत दुसरा लॉट म्हणजे बहुधा दुसरा ससा. कुपी आली त्याच दिवशी तिचे छोटे भाग करून गोठवावेत, म्हणजे एकच कुपी वीस वेळा वितळवावी लागत नाही. ब्लॉटचे छायाचित्र पट्ट्यापुरते न कापता वरपासून खालपर्यंत ठेवावे. आणि कुपी संपत आली की शेवटचे पन्नास मायक्रोलिटर वापरून टाकू नयेत. ते गोठवून ठेवावेत आणि नवा लॉट आला की एकाच प्लेटवर जुना डावीकडे, नवा उजवीकडे, मध्ये बीसीजीची एक रांग आणि कोपऱ्यात चार रिकामे खळगे, अशी मांडणी करून मगच नव्या कुपीवर तारीख घालावी.